मदत हवी आहे: रॅली आणि सर्किट, दोन्हींसाठी इंटरकॉम व रेडिओ कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

मी रॅलीत को-ड्रायव्हर आहे, म्हणजे शेजारी बसून पुढच्या रस्त्याच्या नोट्स ड्रायव्हरला वाचून दाखवते. टीम छोटी आहे: ड्रायव्हर, मी आणि सर्व्हिसला (गाडीच्या दुरुस्तीला) तिघं-चौघं. आमच्या बहुतेक रॅल्याच असतात, पण अधूनमधून तीच गाडी घेऊन ड्रायव्हर सर्किटवर एकटा उतरतो. आता जुना इंटरकॉम बदलायचाय आणि सर्किटवर पिटशी (ट्रॅकशेजारी थांबलेल्या आपल्या टीमशी) बोलायला रेडिओही घ्यायचाय. दोन्ही एकाच हेल्मेटला जोडायचं असल्यामुळे एकदमच ठरवावं लागणार.

आधी अडचण सांगते. गाडी उभी असताना आवाज खणखणीत येतो. कच्च्या रस्त्यावर वेग वाढला आणि तळाला खडी आपटायला लागली की माझा आवाज ड्रायव्हरपर्यंत पोचतो, पण शब्द पोचत नाहीत. वळण किती तीव्र ते सांगणारा आकडा 'फोर' की 'फाइव्ह' हेच त्याला कळत नाही. व्हॉल्यूम वाढवला की खडीचा आवाजही तेवढाच वाढतो. शिवाय आरपीएम चढतील तशी कानात एक बारीक शिट्टी चढत जाते. त्याने हात किंचित उचलला की मी नोट पुन्हा वाचते, आणि तेवढ्यात पुढच्या नोटला उशीर होतो. पलीकडचं काही दिसत नसताना तो माझ्या शब्दावर क्रेस्टवरून (चढाच्या माथ्यावरून) गाडी सोडतो. तो शब्द अर्धवट पोचणं मला चालणार नाही.

आतापर्यंत वाचून-विचारून जे समजलं ते असं. इंटरकॉम म्हणजे तारेवर चालणारा अँप्लिफायर, त्यात दोघं एकाच वेळी बोलू शकतात. रेडिओत बटण दाबेल तो बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. इंटरकॉमच्या डब्याला रेडिओ जोडायची सोय असेल तर दोन्ही एकाच हेडसेटवर येतात. हे सगळं पटलं. गाडी अडते ती हेल्मेटपाशी. माझं ओपन फेस आहे, त्याला दांडीचा माइक. ड्रायव्हरचं फुल फेस, त्यात हनुवटीपाशी छोटा माइक. शिवाय एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स एल या नियमावलीनुसार सर्किट आणि हिलक्लाइंबमध्ये (चढाच्या रस्त्यावरच्या शर्यतीत) हेल्मेटच्या आत स्पीकर चालत नाहीत, कानात घालायचे इअरपीस चालतात. म्हणजे रॅलीचं स्पीकरवालं हेल्मेट तसंच्या तसं सर्किटवर नेता येणार नाही.

माझे प्रश्न: स्टिलो, पेल्टॉर, टेराट्रिप या कंपन्यांची हेल्मेट किट आणि डबे अ‍ॅडॉप्टर लावून एकमेकांना जोडले तर आवाजात फरक पडतो का? शब्द नीट न पोचण्याचं कारण डबा असेल की माइक? रेडिओ व्हीएचएफ (कमी फ्रिक्वेन्सीचा) घ्यावा की यूएचएफ (जास्त फ्रिक्वेन्सीचा), आणि डिजिटलचा खरंच फायदा होतो का? ज्यांनी गाडीत बसून हे वापरलंय त्यांचं मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद १

ताई, डबा बदलायच्या आधी माइक बघा. रॅलीच्या दांडीच्या माइकला दोन्ही बाजूंनी भोकं असतात. दुरून येणारा गोंगाट दोन्हीकडून सारखाच शिरतो आणि एकमेकाला मारतो. तुमचा आवाज जवळून, एकाच बाजूने येतो, म्हणून तेवढाच उरतो. पण त्यासाठी माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा आणि बोलायची बाजू तोंडाकडेच हवी. दोन बोटं लांब गेला की हा सगळा फायदा संपला. दांडी गोल फिरून माइक उलटा झालेला मी कितीतरी हेल्मेटांत पाहिलाय. फोम झिजला असेल तर तोही बदला.

अ‍ॅडॉप्टरबद्दल: प्लग बसला म्हणजे जुळलं असं नाही. काही माइक डायनॅमिक असतात, काही इलेक्ट्रेट. इलेक्ट्रेटला डब्याकडून थोडं व्होल्टेज लागतं आणि त्याचा सिग्नलही वेगळ्या ताकदीचा असतो. चुकीची जोडी लागली की आवाज एकतर दबतो, नाहीतर फाटतो. त्यामुळे दोन्ही हेल्मेट किट आणि डबा एकाच घराण्यातले घ्या. आधी हेल्मेट, मग त्याला चालणारा डबा, या क्रमाने जा.

शिट्टी बहुधा अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) आहे. डबा थोडा वेळ गाडीच्या सप्लायवरून काढून वेगळ्या बॅटरीवर चालवा. शिट्टी थांबली तर ती सप्लायच्या तारेतून येतेय. मग प्लस आणि अर्थ दोन्ही थेट गाडीच्या बॅटरीवरून घ्या आणि इंटरकॉमची वायर इग्निशनच्या वायरिंगपासून लांबून न्या.

प्रतिसाद २

रेडिओचं सांगतो. लोक वॅट बघतात, मी अँटेना बघतो. ताकद दुप्पट केली तर मिळतात फक्त 3 डेसिबल. हातातला सेट केजच्या (गाडीतल्या संरक्षक पाइपांच्या सांगाड्याच्या) आत ठेवून त्याच्याच रबरी अँटेनावर भागवलं तर ते 5 वॅट गाडीतच अडकतात. अँटेना छतावर हवी, आणि तिच्याखाली धातूचा पत्रा हवा. छत फायबरचं किंवा कार्बनचं असेल तर आतून पत्रा लावावा लागतो. व्हीएचएफला, म्हणजे 150 मेगाहर्ट्झच्या आसपास, पाव तरंगलांबीची अँटेना साधारण 50 सेंटिमीटरची होते. यूएचएफला, 450 मेगाहर्ट्झला, जेमतेम 17. सर्किटवर स्टँड, गॅरेज, ट्रक असे अडथळे फार. तिथे यूएचएफ बरा चालतो आणि छोटी अँटेना वाऱ्याने वाकतही नाही. पिटच्या बाजूची अँटेना मात्र उंच खांबावर चढवा, सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

डिजिटलमध्ये खरखर जाते, पण रेंजच्या कडेला आवाज एकदम तुटतो. अ‍ॅनालॉगवर तिथेही खरखरीतून 'बॉक्स' (पिटमध्ये ये) एवढं तरी ऐकू येतं. एका टीमला मी अ‍ॅनालॉगच सुचवेन. सेट कोणताही घ्या, बटण दाबून क्षणभर थांबून बोलायची सवय लावा, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. आणि फ्रिक्वेन्सी परवाना आणि आयोजकांनी दिलेलं वाटप बघूनच ठरवा. टोन (ठरावीक सूर असलेलंच बोलणं ऐकवणारी सोय) लावला म्हणजे चॅनल खासगी झाला असं होत नाही, दुसऱ्याचं बोलणं फक्त तुम्हाला ऐकू येत नाही.

रॅलीच्या स्टेजमध्ये (वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यात) डोंगर आडवे आले की सर्व्हिस पार्कपर्यंत (दुरुस्तीच्या तळापर्यंत) यातलं काहीच पोचणार नाही. त्यासाठी मोठा सेट घेऊ नका.

प्रतिसाद ३

मोटरसायकलचे ब्लूटूथ संच सोपे वाटतात, पण नोट्ससाठी नकोत. आवाज किंचित उशिरा पोचतो आणि ऐन स्टेजमध्ये चार्जिंग संपलं तर हातात काही नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. माइकचं अंतर आणि बाजू आजच तपासते, शिट्टीची चाचणीही करून कळवते. आता इअरपीसबद्दल विचारते. कानाच्या मापाचे साच्यातले इअरपीस घेतले तर बाहेरचा गोंगाटही अडेल आणि सर्किटवरही चालतील, मग ड्रायव्हरने रॅलीतही तेच वापरावेत का? इंटरकॉमच्या डब्यातून इअरपीसला आवाज पुरेसा मिळतो का, की मध्ये काही लावावं लागतं? आणि घाम, धूळ यांत ते किती टिकतात? कुणी दोन्हीकडे एकच जोड वापरत असेल तर जरूर लिहा.