आईला व्हीलचेअरवर क्रूझला न्यायचंय, बुकिंग करताना काय काय विचारू?

नमस्कार मंडळी. आई 68 वर्षांची. अर्धांगवायूनंतर चार वर्षं व्हीलचेअरवर आहे. जन्म गेला विड्या वळण्यात, समुद्र एकदाही पाहिला नाही. मुंबई–गोवा क्रूझचा विचार आहे. फोनवर "हो हो, सगळी सोय आहे" एवढंच सांगतात. माझा विश्वास बसेना. कुणी नेलंय का?

प्रतिसाद 1
दादा, मी वडिलांना नेलं होतं, अशाच "सोय आहे"वर. खोलीचं दार रुंद होतं, पण बाथरूमला चार बोटं उंच उंबरा. दर वेळी मी आणि भाऊ त्यांना उचलून आत न्यायचो. दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी पाणी पिणंच कमी केलं, आम्हाला त्रास नको म्हणून. ते अजून मनातून जात नाही. म्हणून सांगते, सोय विचारू नका, मापं मागा. आधी खुर्ची चाकांच्या बाहेरच्या कड्यांपासून मोजा. मग खोलीचं आणि बाथरूमचं दार उघडल्यावर मोकळी जागा किती, उंबरा किती, न्हाणीत बसायला पाट आणि धरायला दांडी आहे का, सगळं लेखी घ्या. मोकळे 32 इंच मिळाले तर निवांत. अशा खोल्या मोजक्याच असतात, लवकर अडवा.

प्रतिसाद 2
जहाज धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकून लहान बोटीनं नेणार, हेही विचारा. लक्षद्वीपला बोटीत उतरावं लागतं. हलत्या बोटीत खुर्ची नेणं अवघड. चढायच्या शिडीचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, तेव्हा मदतीला माणूस आधीच सांगून ठेवा. मुंबईपर्यंत जायला वंदे भारत रेल्वे बरी, दिव्यांगांसाठी वेगळं शौचालय आहे. सीएसएमटी स्टेशनहून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, जवळच.

प्रतिसाद 3
सुटण्याआधी किंवा सुटताच सुरक्षा कवायत होते. संकटात लिफ्ट वापरत नाहीत. मग आईंना जिन्यानं कोण आणि कशावर नेणार? हे न लाजता विचारा. उपकार मागत नाही आपण. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाहतुकीची सगळी साधनं आलीत. अमेरिकेत तर 2005 सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या क्रूझलाही तिथल्या पाण्यात दिव्यांगांचा कायदा लागू.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. आत्ताच टेप लावून खुर्ची मोजली, 25 इंच भरली. कशाला मोजायलास म्हणून आई विचारायलीय. लेखी उत्तर येईपर्यंत तिला सांगणार नाही. मेल पाठवलाय, उंबऱ्याचा प्रश्न सगळ्यात वर.