टेलिव्हिजनचा ‘मार्की मून’: गिटारींचा आवाज इतका कोरडा का?

प्रश्न (पहिलटकर श्रोती)

टेलिव्हिजन या न्यूयॉर्कच्या बँडचा ‘मार्की मून’ (१९७७) हा अल्बम मी गेल्या आठवड्यात प्रथमच ऐकला, आणि तोही लागोपाठ तीन वेळा. हा बँड मॅनहॅटनमधल्या सीबीजीबी या क्लबात नावारूपाला आला आणि त्याची गणना पंक या आक्रमक, साध्या रॉकप्रकारात होते, एवढेच मला ठाऊक होते; त्यामुळे दोन-अडीच मिनिटांत उरकणारी गाणी ऐकायच्या तयारीने मी बसले होते. प्रत्यक्षात आठ गाण्यांना पाऊण तास लागतो आणि शीर्षकगीत एकटेच दहा मिनिटांचे आहे.

माझे कान लेड झेपेलिन या दणदणीत आवाजाच्या रॉक बँडवर तयार झालेले असल्यामुळे गिटारींचा आवाज मला बारीक, कोरडा वाटला. दोन-दोन गिटारी असूनही अंगावर येणारे असे काहीच का नाही, हे कळेना. तरीही तिसऱ्या वेळी ‘व्हीनस’ संपल्यावर मी ते लगेच पुन्हा लावले, आणि का लावले हे मला अजून सांगता येत नाही. हा कोरडेपणा मुद्दाम राखलेला आहे, की ध्वनिमुद्रणातली उणीव आहे? शिवाय मैत्रिणीकडच्या जुन्या तबकडीवर शीर्षकगीत शेवटी हळूहळू विरत जाते, माझ्याकडच्या प्रतीत मात्र ते पुरते वाजून थांबते. मूळ कोणते?

उत्तर (जुनी तबकडी)

तुम्ही झेपेलिनचे नाव घेतलेत, हा मजेदार योगायोग आहे. या अल्बमसाठी टेलिव्हिजनचा गायक-गिटारवादक टॉम व्हर्लेन याच्याबरोबर निर्माता म्हणून बसलेला अँडी जॉन्स हा झेपेलिनचाच ध्वनिमुद्रक होता. त्याने सवयीप्रमाणे ड्रमचा घुमणारा, भव्य आवाज जमवून ठेवला होता. व्हर्लेनने तो नको म्हणून मोडायला लावला. तेव्हा कोरडेपणा मुद्दामच राखलेला आहे, यात शंका नाही.

त्यामागचे कारणही कानाने तपासता येते. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारीचा मुद्दाम फाटका केलेला आवाज, वाढवले की प्रत्येक स्वराभोवती इतर स्वरांची दाटी होते आणि दोन गिटारी एकमेकींत मिसळून जातात. इथे आवाज बराच स्वच्छ असल्याने प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. हेडफोन लावून शीर्षकगीताची सुरुवात ऐका: एक गिटार दोन तारा एकत्र छेडून तोच तुकडा वाजवत राहते, दुसरी त्यातल्या मोकळ्या जागेत लहानसे उत्तर देते, आणि मग बास खाली येऊन बसतो. तिथे आवाजाची भिंत उभी केली असती, तर ही मोकळी जागाच उरली नसती.

तबकडीविषयी: १९७७ च्या मूळ तबकडीवर गाणे दहा मिनिटे पुरी होण्याच्या जरा आधी विरते, नंतरच्या सीडीवर ते सुमारे १० मिनिटे ४० सेकंदांचे, पूर्ण दिले आहे. मला स्वतःला पूर्णच आवडते.

उत्तर (खमाजप्रेमी)

वरील मुद्द्यात एक भर घालतो. कोणता सोलो (एकट्या गिटारीचा तुकडा) कोणाचा, हे वेष्टनावर छापलेले आहे; ते समोर ठेवून ऐकल्यास दोघांचे स्वभाव वेगळे कळतात. दुसरा गिटारवादक रिचर्ड लॉइड, त्याचे सोलो आखीव असतात. ‘एलिव्हेशन’मधला त्याचा सोलो गरगरल्यासारखा वाटतो, कारण फिरत्या स्पीकरऐवजी जॉन्सने अँप्लिफायरसमोर चक्क मायक्रोफोनच गोल फिरवला होता. व्हर्लेन मात्र वाट शोधत वाजवतो. शीर्षकगीतात दुसऱ्या धृपदानंतर लॉइड थोडक्यात आटोपतो आणि तिसऱ्यानंतर व्हर्लेन मिनिटामागून मिनिटे चढत जातो. त्या सोलोची स्वरपंक्ती मिक्सोलिडियन, म्हणजे आपल्या खमाज थाटाची: बाकी सगळे शुद्ध, निषाद तेवढा कोमल. थाट जुळला म्हणून राग जुळत नाही, हे मान्य. पण आपल्या कानाला तो सोलो परका न वाटण्याचे एक कारण हे असू शकेल.

उत्तर (दुसरी बाजू)

सगळे इतके भारावून बोलत आहेत म्हणून सांगतो: दुसरी बाजू पहिलीच्या तोडीची नाही. शेवटचे ‘टॉर्न कर्टन’ सात मिनिटे रेंगाळते आणि व्हर्लेनचा गळा आवळल्यासारखा आवाज तिथे फार ताणला जातो. गिटारींच्या कौतुकात बिली फिक्काचे ड्रम मात्र राहून जातात, ही माझी खरी तक्रार आहे. शीर्षकगीत एका दमात ध्वनिमुद्रित झाले, आणि त्या वेळी ही तालीमच चालली आहे, असे फिक्काला वाटत होते, असे सांगतात. जॉन्सने आणखी एकदा वाजवू या म्हटले, तर व्हर्लेनने नकार दिला.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. काल रात्री हेडफोन लावून ऐकले. या वादनाला मी ‘जुगलबंदी’ म्हणणार होते, पण इथे कोणी कोणावर मात करायला बघत नाही, त्यामुळे तो शब्द मागे घेतला. ‘टॉर्न कर्टन’बद्दल मात्र मी सहमत नाही, मला ते तिथेच, शेवटीच हवे आहे. आता गिटारी बाजूला ठेवून एकदा फक्त फिक्काला ऐकणार आहे.