शास्त्रात दाखवता येत नसेल तर मानायचं का?

नगरची_लेक
मी मूळची नगरची, प्रोटेस्टंट घरातली, लग्न होऊन वसईला कॅथलिक घरात आलेय. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळे दफनभूमीत गेलो. सासूबाईंनी सासऱ्यांची कबर धुतली, शेवंतीच्या पाकळ्यांचा क्रूस काढला आणि मेणबत्ती माझ्या हातात दिली, लाव गं म्हणाल्या, त्यांच्या आत्म्याला शांती मिळू दे. मी काडी ओढली, ती बोटापर्यंत जळत आली तरी वातीला लावेना. माझ्या बाबांनी लहानपणापासून एकच शिकवलंय, वचनात, म्हणजे बायबलमध्ये, दाखव मग मानतो. मेलेल्यांसाठी प्रार्थना, शुद्धिस्थान (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था), येशूची आई मरियेचं सदेह स्वर्गात जाणं, हे वचनात कुठे आहे? ज्याला शास्त्राचा आधार नाही ते श्रद्धेचं तत्त्व कसं होतं? भांडायला नाही विचारत, खरंच रात्रभर झोप नाही.

वसईकर_72
ताई, आधार आहे, फक्त तुमच्या बायबलमध्ये नाही. 2 मक्काबी, अध्याय 12 उघडा, यहूदा मक्काबी युद्धात मेलेल्यांच्या पापांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. तुमची पुस्तकं 66, आमची 73, आणि मुळात यादी कोणी ठरवली? नव्या कराराची आजची 27 पुस्तकं अगदी तशीच पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या 367 सालच्या पत्रात. म्हणजे तोवर तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक बाप्तिस्मा घेत होते, प्रभुभोजन घेत होते, ख्रिस्तासाठी मरत होते, आणि कुठली पुस्तकं शास्त्र हे सगळीकडे पक्कं झालेलं नव्हतं. ती यादी बायबलमध्ये नाही, ती परंपरेनेच हातात दिली. ज्या हाताने पुस्तक घेतलं तोच हात झिडकारायचा?

वचन_वाचक
दादा, मंडळीने पुस्तकं ओळखली, बनवली नाहीत, सोनार सोनं पारखतो म्हणून ते त्याच्या मालकीचं होत नाही. आणि परंपरेला वचनाचा लगाम नसला की काय होतं ते 1517 ला दिसलंच की, शुद्धिस्थानातून आत्मा सोडवतो सांगून पापक्षमेची पत्रं विकली, रोममध्ये सेंट पीटरचं बांधकाम चाललं होतं त्याला पैसा हवा होता. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने हेच विचारलं, कुठे लिहिलंय? प्रभूनेही मार्क 7 मध्ये परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाला, तेच सुनावलं, कुर्बान म्हणून देवाला वाहिलं असं सांगायचं आणि म्हाताऱ्या आईबापाला उपाशी ठेवायचं, परंपरेपायी देवाची आज्ञा मोडायची. बिरुया गावचे लोक तर प्रेषित पौल सांगतोय तेसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघत, आणि त्यासाठी त्यांचं कौतुक झालंय. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचं, म्हणजे सदेह स्वर्गात जाण्याचं, तत्त्व पोपनी 1950 साली जाहीर केलं, मग 1949 पर्यंतचे ख्रिस्ती काय करत होते?

वसईकर_72
मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण पाळत होते भाऊ, हजार वर्षांहून जास्त. जाहीर झालं म्हणजे त्या दिवशी सुरू झालं असं नसतं. पापक्षमा विकणं वाईटच होतं, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने पुढे तो धंदा बंदही केला. पण मार्क 7 सांगता तर 2 थेस्सलनीका 2:15 पण सांगा ना, पौल म्हणतो तोंडी शिकवलेलं आणि पत्राने शिकवलेलं दोन्ही धरून राहा. ग्रीकमध्ये मार्क 7 आणि इथे, दोन्हीकडे एकच शब्द आहे, पॅराडोसिस, परंपरा. माणसाने देवाविरुद्ध केलेली एक, प्रेषितांनी हातात दिलेली एक. आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र, आत्मा मिळून एकच देव, हा शब्द तरी बायबलमध्ये कुठेय? पुत्र पित्याशी एकतत्त्व हा निकियाच्या धर्मपरिषदेचा, 325 सालचा शब्द, तो तुम्हीही मानता.

केडगावची_नात
मधेच बोलते. त्रैक्यावरून पंडिता रमाबाई आठवल्या. 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद, अथनेशियन विश्वासांगीकार (त्रैक्य ठासून सांगणारी श्रद्धेची कबुली) रमाबाईंच्या गळी उतरेना, मला शास्त्रात दिसेल तेच मानीन ह्यावर त्या ठाम. त्यांना हट्टी ठरवलं गेलं. पण ह्याच बाई पुढे हिब्रू-ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमातल्या मुलींनी स्वतः छपाईचे खिळे जुळवून छापलं. एका शब्दावर अडलेली बाई त्या शब्दासाठी आयुष्य देते. म्हणून ताई, तुम्ही अडलात ते योग्यच, कोणी श्रद्धा कमी पडली म्हणालं तर ऐकू नका. मात्र दुसरंही तितकंच खरं वाटतं, शब्द नसला तरी गोष्ट असू शकते. त्रैक्याचा शब्द नाही पण पिता, पुत्र, आत्मा पानापानावर आहेत. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचं तसं नाही, तिथे मला पान सापडत नाही.

नगरची_लेक
सगळ्यांचे आभार. आज दुपारी सासूबाईंच्या बायबलमधून मक्काबीचा तो अध्याय दोघींनी मिळून वाचला, माझ्यात तो नाहीच, फळीवर दोन्ही शेजारी ठेवली की त्यांचं जाड दिसतं. शुद्धिस्थान मला त्यातून अजून दिसलं नाही, तसं त्यांना सांगितलं, त्या गप्प बसल्या आणि चहा ठेवला. पण वसईकर दादा, वचन_वाचक भाऊ, दोघांनाही विचारते, आपण दोन्हीकडचे लोक विश्वासांगीकारात म्हणतो की पवित्र जनांच्या संगतीवर माझा विश्वास आहे. ती संगत कबरीपाशी तुटते का? तुटत नसेल तर सासऱ्यांसाठी देवाशी दोन शब्द बोलायला मला कोणतं वचन आड येतं, ते दाखवा.