उत्तर: संपृक्त स्निग्धांश आणि गोठणं

असं म्हटलं जातं की ज्या तेला-तुपात संपृक्त (सॅच्युरेटेड, म्हणजे कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध नसलेली) स्निग्धाम्लं जास्त, ते तितकं लवकर गोठतं. शेंगदाणा तेल विरुद्ध डालडा एवढ्यापुरतं हे पटतं, पण खोबरेल आणि कोकमतेल शेजारी ठेवलं की हिशेब उलटा होतो. खोबरेलात जवळपास ९० टक्के संपृक्त, तरी ते साधारण २४ अंशांनाच वितळतं. कोकमाच्या बियांच्या तेलात संपृक्त भाग ६० टक्क्यांच्या आसपास, तरी ते ४० अंशांच्या आसपास जाईपर्यंत घट्टच. कारण स्निग्धाम्लाच्या कार्बन-साखळीची लांबी. खोबरेलात मुख्य लॉरिक आम्ल, १२ कार्बनचं. कोकमात स्टिअरिक, १८ कार्बनचं. लांब साखळ्या एकमेकींना जास्त घट्ट धरून बसतात.

आमच्या आजीकडे भर मे महिन्यातसुद्धा भिरंडेलाचा (म्हणजे कोकमतेलाचा) गोळा फडताळात दगडासारखा असायचा. टाचांच्या भेगांना लावायचं तर आधी पळीत धरून दिव्यावर वितळवायला लागायचं. सुरीने तुकडा काढायला गेलं की तो कटकन तुटायचा, तुपासारखा मऊ कापला जायचा नाही. त्याचंही उत्तर घटकांतच आहे. स्निग्धाच्या एका रेणूत तीन स्निग्धाम्लं असतात; कोकमतेलात बहुतेक रेणू एकाच घडणीचे, दोन्ही टोकांना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक हे असंपृक्त आम्ल, त्यामुळे ते नीट रचून बसतात आणि थोडक्या अंशांत सगळे एकदम वितळतात. तुपात आखूड, लांब, संपृक्त, असंपृक्त असे शेकडो प्रकारचे रेणू. काही वितळलेले, काही गोठलेले, म्हणून तर ते रवाळ राहतं. तेव्हा नुसती संपृक्तची टक्केवारी बघून तेल कसं वागेल ते सांगता येत नाही.