स्कॅनरचा अँटेना बदलताय? पुन्हा आखूड रबरी घेऊ नका

कृष्णाकाठ (सांगली)
स्कॅनरसोबत (एकामागून एक फ्रिक्वेन्सी चाळून ऐकवणारा रेडिओ) आलेला रबरी अँटेना फाटला की लोक तसलाच वीतभर दुसरा मागवतात. माझा याला ठाम विरोध आहे. आपण हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी मुख्यतः 144 ते 146 मेगाहर्ट्झ ऐकतो. अँटेना पाव तरंगलांबीचा हवा, त्याचा हिशोब सोपा: 75 ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये. 145 ला येतात 52 सेंमी, प्रत्यक्षात 49-50 ठेवायचे. रबरीच्या आत तीच तार गुंडाळून कोंबलेली असते, त्यात जागा वाचते पण सिग्नल मार खातो. त्यापेक्षा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा टेलिस्कोपिक घ्या, तो हवा तेवढा ओढता येतो, आपल्या दुसऱ्या बँडला, 435 मेगाहर्ट्झला, 17 सेंमी पुरे. 2019 चा महापूर आपण पाहिलाय. पाणी चढलं, वीज गेली की लांबचा क्षीण आवाज कानावर येणार की नाही, हे या दांडीवरच ठरतं.

किल्ल्याच्या पायथ्याचा (सातारा)
दादा, हिशोब बरोबर, पण निष्कर्ष पटत नाही. हँडहेल्ड (हातातला रेडिओ) कमरेला लावून फिरायची वस्तू आहे. त्यावर अँटेना लावायचं एसएमए सॉकेट बोटाच्या पेराएवढंही नसतं. त्यावर अर्धा मीटरची दांडी लावून यवतेश्वरला चढा. फांदीत अडकली की आधी सॉकेट हलतं, मग बोर्डावरचं सोल्डर सुटतं. दुसरं म्हणजे हँडहेल्डचा फ्रंटएंड, म्हणजे सिग्नल आत घेणारा पहिला भाग, नाजूक असतो. जवळ एफएमचा टॉवर असेल तर लांब अँटेना 88 ते 108 मेगाहर्ट्झचा सगळा लोंढा आत घेतो आणि हवं ते स्टेशन त्याखाली दबतं. आणि अजिंक्यताऱ्याच्या आडोशाला बसून 15 सेंमी लावा नाहीतर 50, पलीकडचं येत नाही ते नाहीच. व्हीएचएफ (145 सारख्या फ्रिक्वेन्सी) सरळ रेषेत चालतं. मी 20 सेंमीचा लवचिक घेईन आणि उंचावर जाऊन उभा राहीन.

मिरजकर ताई
माझ्या स्कॅनरला एसएमए नाही, बीएनसी (जाड, मजबूत सॉकेट) आहे. मग सॉकेटची एवढी भीती आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)
ताई, बीएनसीला फारशी नाही. एसएमएवाल्यांनी रुंद बुडाचा बीएनसी अडॅप्टर लावावा, बूड बॉडीला टेकतं आणि भार सॉकेटवर येत नाही. चालताना दांडी काढून खिशात ठेवायची, बसल्यावर लावायची. शिवाय कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याला 50 सेंमी मऊ तार जोडून खाली लोंबती सोडा. हातातल्या रेडिओत अँटेनाची दुसरी बाजू म्हणजे रेडिओची बॉडी आणि आपला हात. ती अपुरी बाजू या तारेने भरून निघते. सातारकर दादा, उंचावर जायचा सल्ला मला मान्य आहे. पण उंचावर गेल्यावरही 20 सेंमीच का लावायचा?

विटेकर
खिडकीत बसून ऐकणाऱ्यांनी दोन्ही सोडा. स्लॅबमधल्या लोखंडातून सिग्नल आत येतोच किती? गच्चीवर डायपोल (दोन सारख्या दांड्यांचा अँटेना) लावा. तिथून रेडिओपर्यंत येणारी आरजी-58 केबल मात्र आखूड ठेवा, 10 मीटरला 145 वर सुमारे 2 डीबी (डेसिबल, सिग्नल घटण्याचं माप) जातात, 435 वर जवळपास दुप्पट.

किल्ल्याच्या पायथ्याचा (सातारा)
विटेकर, पुरात घर सोडायची वेळ आली तर गच्चीवरचा डायपोल मागेच राहील. आणि दादा, तुमचा 50 सेंमी तसाच ठेवून 435 ऐकलं तर तो पाऊण तरंगलांबीचा होतो, त्याचा ऐकण्याचा झोत वर आभाळाकडे उचलला जातो. बँड बदलला की दरवेळी दांडी आत-बाहेर कोण करणार? स्कॅनिंग चालू असताना तर शक्यच नाही. माझा लवचिकच.