मदत हवी आहे: एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षात विद्यावेतन आणि नंतर दोन वर्षांचा बाँड, सही करू का?

मृगबहार:

नमस्कार. मी नागपुरात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करते, दुसरं सेमिस्टर नुकतंच संपलं. गाव काटोल तालुक्यात. बाबांची संत्र्याची बाग आहे आणि यंदा आंबिया बहराची फळं गळाली, म्हणून हा प्रश्न आत्ताच सोडवावा लागतोय.

मला बाल संरक्षणातच काम करायचंय, हे आधी सांगते, नाहीतर "बँकेची परीक्षा दे" असे सल्ले येतील. पहिल्या सेमिस्टरला फील्डवर्कसाठी एक बालगृह मिळालं होतं (नाव लिहीत नाही). आठवड्याचे दोन दिवस जायचं आणि हजेरीपट नि देणगीच्या पावत्या उतरवायच्या. मुलांशी बोलायला बसले की कोणीतरी हाक मारायचं, "मॅडम, ते रजिस्टर राहिलं." चार महिन्यांत एकाही मुलाची केस फाइल मी उघडून पाहिली नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला मात्र नशीब उघडलं. नागपूर स्टेशनवर मुलांसाठी काम करणाऱ्या टीमबरोबर पाठवलं. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग इथं मिळतात, त्यामुळे घरून निघालेलं पोर कुठल्याही दिशेचं असू शकतं. एक मुलगा गावाचं नाव काही केल्या सांगेना. मग टीममधल्या दादांनी गाव विचारणं सोडलं आणि विचारलं, "तुमच्याकडे बाजार कोणत्या वारी भरतो?" त्यानं वार सांगितला [संपादन: वार काढला, खाली पाहा], मग बाजारात बैल कुठून येतात ते सांगितलं, आणि तासाभरात तालुका हाती लागला. त्याला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) नेलं. पुढे त्याच्या सामाजिक तपासणी अहवालाचा, म्हणजे फॉर्म २२चा, कच्चा मसुदा दादांनी माझ्याकडून तीनदा लिहून घेतला. "वडील व्यसनी" लिहिलं तर म्हणाले, "तू पाहिलंस का? नाही ना? मग कोणी सांगितलं ते लिही." वर्गात वर्षभर जे शिकले नाही ते त्या तीन मसुद्यांत शिकले.

आता मुद्दा. एका संस्थेनं (हीसुद्धा निनावीच) दुसऱ्या वर्षभर दहा महिने दरमहा ६,००० रुपये देऊ असं सांगितलंय. फील्डवर्क त्यांच्याकडेच. पास झाल्यावर त्यांच्या बालगृहात दोन वर्षं नोकरी, पगार १३,०००. मध्येच सोडलं तर दीड लाख भरायचे. आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवायची.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. तिची रूममेट सोशल वर्क शिकताना असंच विद्यावेतन घ्यायची. तिथं १९८०च्या कायद्यापासून टायटल फोर-ई नावाची तरतूद आहे. बाल कल्याण खात्यात येणाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या पात्र खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं. दोन वर्षं पैसे घेतले तर दोन वर्षं सरकारी बाल कल्याण यंत्रणेत काम करायचं, नाहीतर परतफेड. म्हणजे बाँड तिकडेही आहे. म्हणून बाँड या शब्दालाच घाबरावं की नाही, ते कळत नाही.

आपल्याकडे असं सरकारी काही आहे का? आणि ही सही करू का? माफ करा, लांबलं.

संत्रानगरी:

काहून घाबरून राहिली ताई? पैसे भेटून राहिले, नोकरी भेटून राहिली. आमच्या बॅचचे अर्धे लोक आज इन्शुरन्स विकून राहिलेत.

बुटीबोरीचा_वकील:

मूळ प्रमाणपत्रं कोणालाही देऊ नका. हे वाक्य दोनदा वाचा. पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित झेरॉक्स द्या, मूळ कागद पिशवीत घालून घरी आणा.

आता रक्कम. ते देणार एकूण ६०,००० आणि मागणार १,५०,०००. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात आकडा लिहिला म्हणजे तो जसाच्या तसा मिळतो असं नाही; कोर्ट वाजवी भरपाई देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. पण कोर्टापर्यंत जायची वेळच का आणायची? आत्ताच घालून घ्या: जेवढं विद्यावेतन घेतलं तेवढीच परतफेड, आणि जितके महिने नोकरी केली त्या प्रमाणात ती कमी होत जाणार.

जुनी_फील्डवर्कर:

मृगबहार, आधी एक काम कर. त्या मुलाचा बाजाराचा वार खोड. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. वार आणि बैल मिळून तालुका सापडतो, हे तूच लिहिलंयस! (वकीलसाहेबांचंही ७४, माझंही ७४. योगायोग.)

आता तुझा प्रश्न. मी या क्षेत्रात चौदा वर्षं आहे, त्यातली सहा कंत्राटी. तू म्हणतेस तशी, शिकताना पैसे आणि नंतर सरकारी बाल संरक्षणात नोकरी, अशी सलग योजना मला तरी आपल्याकडे भेटलेली नाही. इथं दोन्ही टोकं वेगवेगळी आहेत. शिकताना जे मिळतं ते जात आणि उत्पन्न पाहून: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आणि ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. तू ओबीसी असशील आणि खोली करून राहत असशील तर आधारचा अर्ज भरलास का? पुष्कळ मुली भरतच नाहीत. महाज्योती, म्हणजे याच प्रवर्गांसाठीची सरकारी संस्था, तर आपल्याच नागपुरात आहे, पण तिचं विद्यावेतन मुख्यतः स्पर्धा परीक्षांचं प्रशिक्षण आणि पीएचडी यांच्यासाठी.

दुसरं टोक म्हणजे नोकरी. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सामाजिक कार्यकर्त्याला महिना १८,५३६ आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याला १०,५९२ रुपये धरलेत. कंत्राटी. परिविक्षा अधिकारी हे पद शासकीय सेवेतलं, त्याची जाहिरात महिला व बाल विकास आयुक्तालय काढतं. २०२४ मध्ये निघाली होती. तुझ्या बाँडच्या दोन वर्षांत पुन्हा निघाली तर काय करशील? हा प्रश्न त्यांना विचार. शासकीय सेवेत निवड झाली तर बाँड सुटेल, असं लिहून देतात का बघ.

आणि बाल कल्याण समितीचं सदस्य व्हायचं स्वप्न असेल तर निवांत राहा, त्याला वयाची पस्तिशी लागते.

पैशापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. तू ज्या दादांबद्दल लिहिलंस, तसा माणूस त्या संस्थेत आहे का? कॅलिफोर्नियातल्या मुलीला पैशाबरोबर कोणीतरी पर्यवेक्षक मिळत असेल. तुला ६,०००मध्ये पुन्हा पावत्याच उतरवायच्या असतील तर ते प्रशिक्षण नव्हे, स्वस्तातला कारकून झाला.

मृगबहार:

वार खोडला. लाज वाटली, खरंच.

ताई, तुम्ही नेमकं तेच बोट ठेवलंत. बाँडची भीती वाटत होती, पण खरी धास्ती पावत्यांचीच होती, हे तुमचं वाचून कळलं. आधार योजनेचं मला माहीतच नव्हतं. मैत्रिणीनं "ते फक्त वसतिगृहवाल्यांसाठी" असं सांगितलं होतं.

संत्रानगरी:

उलटं आहे ना बाप्पा, ज्याले वसतिगृह नाही भेटलं त्याच्यासाठी. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, तहसीलमध्ये चकरा माराव्या लागते. अन् बाँडचं मी वर जे बोललो ते मागे घेतो. दीड लाखाचं मी वाचलंच नव्हतं.

मृगबहार:

अपडेट. काल बाबांना घेऊन संस्थेत गेले. (बाबा आले म्हणून की काय, या वेळी चहा मिळाला.) मूळ प्रमाणपत्रांची अट लगेच सोडली, झेरॉक्स चालेल म्हणाले. परतफेड ६०,०००वर आणली, पण दर महिन्याला कमी होण्याचं "बघू" म्हणाले. शासकीय निवडीची सूट द्यायला तयार.

मग विचारलं, मला केसवर्क (एकेका मुलाची केस हाताळणं) कोण शिकवणार? अधीक्षक म्हणाले, "इथं सगळे एकमेकांकडून शिकतात." बाबा बाहेर आल्यावर म्हणाले, "आपल्या बागेत कलम बांधायलाही माणूस शिकवावा लागतो." सही केलेली नाही. सोमवारपर्यंत मुदत आहे. कॉलेजच्या फील्डवर्क पर्यवेक्षक मॅडमचं नाव करारात घालता येतं का?

बुटीबोरीचा_वकील:

येतं. त्यांची आणि कॉलेजची संमती असेल तर त्रिपक्षीय करार करा: विद्यार्थिनी, संस्था, कॉलेज. आठवड्याला किती तास केसवर्क, किती केस फाइली, कोण तपासणार, हे सगळं त्यात. आणि संस्थेनं ते पाळलं नाही तर तुमच्यावर परतफेडीचं बंधन नाही, हे कलम विसरू नका. "बघू" हा शब्द करारात चालत नाही, घटतं कलम लिहूनच घ्या.

जुनी_फील्डवर्कर:

मॅडमना आजच फोन कर, सोमवारची वाट पाहू नकोस. आणि संस्थावाले नाही म्हणाले तर स्टेशनवरच्या टीमकडेच दुसऱ्या वर्षाचं फील्डवर्क मागून बघ. तिथं पैसे मिळणार नाहीत. आधारचं मंजूर झालं तर खोलीभाडं निघेल, बसचं मात्र तुलाच बघावं लागेल.

मृगबहार:

मॅडमशी बोलले. त्या करारावर यायला तयार आहेत, संस्थेनं दोन दिवस मागितलेत. स्टेशनवाल्या दादांनाही मेसेज टाकलाय. त्यांचं उत्तर आलं: "ये. पण मसुदा चौथ्यांदा लिहावा लागेल."