पिशवी काढून दोन वर्षं झाली तरी ओटीपोट दुखतंय, आतलं चिकटलेलं सोडवायला परत दुर्बीण करावी का?

डिचोलीची_सून:
वय ४१. फायब्रॉइडच्या गाठींमुळे पोट उघडून पिशवी काढली, त्याआधी दोन सिझर. तेव्हापासून उजव्या अंगाला आतून ओढल्यासारखं होतं, कदंबा बस गतिरोधकावर उडाली की जीव जातो, संडासला घट्ट झाली की त्याहून वाईट. सोनोग्राफी दोनदा नॉर्मल. ज्यांनी ऑपरेशन केलं ते म्हणतात मनावर घेऊ नका. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या आतडं चिकटलं असेल, दुर्बिणीने सोडवून बघू. यंदा चवथीला नेवऱ्या लाटायला पाटावर बसले नि दहा मिनिटांत उठले, सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण बघितलं त्यांनी. कोणी हे ऑपरेशन केलंय का?

पर्वरी_७:
मी केलंय गो. आठ महिने छान गेले, मग हळूहळू तेच सुरू. सोडवलं म्हणजे आत परत जखमच झाली ना, ती भरताना परत चिकटू शकतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आणि चिकटल्याचे ते पट्टे सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतच नाहीत, त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट म्हणजे तुला काही होत नाही असं नव्हे.

म्हापशाची फिजिओ:
ताई, घाई करू नका. नेदरलँड्समध्ये १०० पेशंटवर झालेली ट्रायल २००३ साली छापून आली, जुनाट पोटदुखी आणि आत चिकटलेलं असे पेशंट, अर्ध्यांचं सोडवलं, अर्ध्यांना नुसती दुर्बीण घालून बघितलं, वर्षभराने दोन्हीकडे दुखणं साधारण सारखंच कमी झालेलं. आधी एक करून बघा, उताणं झोपून दुखतं तिथे बोट दाबून धरा आणि डोकं उचला. दुखणं वाढलं तर ते आतड्यापेक्षा टाक्याजवळच्या स्नायूतलं किंवा नसेचं असू शकतं, त्यावर तिथेच बधिर करायचं इंजेक्शन देतात. शिवाय दुखणं दाबत दाबत ओटीपोटाखालचे स्नायू कायम आवळलेले राहतात, ते सैल करायला शिकवावं लागतं. यूट्यूब बघून केगल, म्हणजे ते स्नायू आवळायचा व्यायाम, सुरू करू नका, आवळलेलं अजून आवळाल.

पर्वरी_७:
हे बरोबर, माझं केगलनेच बिघडलेलं. आणि एक, पोट फुगून उलट्या झाल्या, वारा सरायचा बंद झाला तर सकाळची वाट बघू नको, रात्रीच बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जा. आतडं अडकलेलं असू शकतं.

डिचोलीची_सून:
आत्ताच पलंगावर करून बघितलं. डोकं उचललं नि टाक्याच्या उजव्या टोकाला अशी कळ आली की घोव धावत आला आतल्या खोलीतून. डॉक्टरांना हे कसं सांगू, वाटेल बाई नेटवर वाचून आली.

म्हापशाची फिजिओ:
सांगू नका काही, तपासताना तिथेच बोट ठेवा नि डोकं उचलून दाखवा.